पीडीएफमधली एकच ओळ बदलायची आहे? आधी फॉन्टची चौकशी करा

सांगली-मिरजेत किंवा साताऱ्यात एखाद्या प्रेसमध्ये नव्याने लागलात, की थोड्याच दिवसांत हे काम टेबलावर येतं. हळदीच्या पाकिटाची पीडीएफ व्हॉट्सॲपवर येते आणि मागोमाग पार्टीचा, म्हणजे गिऱ्हाइकाचा, निरोप: "काही नाही, फक्त वजन बदलायचंय. दोनशेचं पाचशे ग्रॅम करा. पाच मिनिटांचं काम आहे." फाईल पीडीएफ वाचायच्या रीडरमध्ये चोख दिसते. तीच कोरल, इलस्ट्रेटर किंवा इंकस्केप अशा डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडली की 'शुद्ध'मधला द्ध सुटा होतो, वेलांट्या भलत्याच अक्षराला जाऊन चिकटतात, नाहीतर ओळीच्या ओळी चौकोन होऊन बसतात. मग पार्टीला फोन जातो, "तुमची फाईल करप्ट आहे." फाईल करप्ट नसते. ती आपण चुकीच्या अपेक्षेने उघडलेली असते.

पुढे जे लिहिलं आहे ते हळदीच्या पाकिटाला, लग्नपत्रिकेला, बेदाण्याच्या खोक्याला, ग्रामपंचायतीच्या नोटिशीला सारखंच लागू पडतं. क्रम मात्र मोडू नका. घाईत लोक थेट सहाव्या पायरीवर उडी मारतात आणि तिथेच अडकतात.

पीडीएफच्या पोटात काय असतं

हा भाग वाचायचा कंटाळा येईल, पण पुढचं सगळं यावर उभं आहे.

ॲडोबी कंपनीने १९९३ मध्ये पीडीएफ आणली ती कागद जसा मांडला तसाच दुसऱ्याच्या संगणकावर दिसावा म्हणून. २००८ मध्ये तिला आयएसओ मानकाचा दर्जा मिळाला, तरी मूळ हेतू तोच राहिला. समोरच्याने त्यात दुरुस्त्या कराव्यात अशी सोय मुळात नाही. फाईलच्या आत 'हळद' हा शब्द शब्द म्हणून असेलच याची खात्री नसते. 'या फॉन्टमधली अमुक नंबरची आकृती इथे ठेव, तमुक नंबरची तिच्या शेजारी ठेव' अशा सूचना असतात. रीडर त्या सूचना पाळतो आणि आकृत्या फाईलसोबतच आलेल्या फॉन्टमधून उचलतो. म्हणून वाचताना काही बिघडत नाही.

सोबत आलेला फॉन्ट मात्र बहुतेक वेळा अर्धवट असतो. फाईल लहान राहावी म्हणून तेवढ्या मजकुरात वापरलेल्याच आकृत्या भरलेल्या असतात. याला सबसेट म्हणतात. जुन्या खिळे जुळवायच्या प्रेसमध्ये एखाद्याने बांधलेला फर्मा तुमच्या हातात द्यावा आणि खिळ्यांची केस मात्र स्वतःकडेच ठेवावी, तसा हा प्रकार. फर्म्यावरून छपाई कितीही करा, नवीन ओळ जुळवायला खिळे नाहीत. शिवाय द आणि ध जवळ आले की द्ध करायचा, क आणि ष चा क्ष करायचा, हे नियम पूर्ण फॉन्टच्या आत लिहिलेले असतात. सबसेट भरताना ते नियम सहसा गाळले जातात, कारण नुसतं दाखवायला त्यांची गरज पडत नाही.

इंग्रजी मजकुराचं यात निभावतं, आपलं निभावत नाही. ऱ्हस्व वेलांटी आपण व्यंजनानंतर टाईप करतो, दिसते ती व्यंजनाच्या आधी. रफार टाईप होतो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. पीडीएफमध्ये आकृत्या दिसण्याच्या क्रमाने पडलेल्या असतात. कोरल किंवा इंकस्केप त्यांचा पुन्हा मजकूर करायला जातं तेव्हा हा उलटसुलट क्रम सरळ करायला त्याला काही आधार नसतो. तुटक्या वेलांट्या तिथून येतात.

१. बसण्याआधी हे हाताशी ठेवा

मूळ पीडीएफची एक प्रत वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि तिला हात लावू नका. रीडरमधून तिची एक रंगीत प्रिंट काढा, निदान मोठ्या आकारातलं चित्र तरी जतन करा. शेवटी ताळा याच प्रिंटवरून करायचा आहे.

बदलायचा मजकूर पार्टीकडून टाईप करून घ्या. वहीच्या पानाचा फोटो चालवून घेऊ नका, 'सौ. कां.'चं 'सौ. का.' झालं की दोष तुमच्याच नावावर पडतो. फाईल व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून मागवा. नव्या माणसाला वाटतं पार्टीला हे माहीत असेल. नसतं. निम्मे लोक स्क्रीनशॉट पाठवतात.

सॉफ्टवेअरमध्ये तुमच्या प्रेसचं जे असेल ते, म्हणजे कोरल किंवा इलस्ट्रेटर. त्याच्या जोडीला इंकस्केप उतरवून ठेवा. ते फुकट आहे आणि कोरलने हात टेकले की पुष्कळदा तेच उपयोगी पडतं. ॲक्रोबॅट रीडर हवाच, कारण फॉन्टची यादी तो दाखवतो.

२. पीडीएफ कुणी बनवली ते विचारा

हळदीचं पाकीट आधी कुठेतरी छापलं गेलं आहे, म्हणजे त्या डिझायनरकडे कोरलची मूळ फाईल आहे. एक फोन करा. मूळ फाईल आणि फॉन्ट मिळाले तर हा लेख इथेच बंद करा आणि काम संपवा.

बऱ्याचदा मिळत नाही. पार्टीचं आणि जुन्या डिझायनरचं वाजलेलं असतं किंवा त्याचा संगणक बदललेला असतो. तरी विचारा. फाईल नाही मिळाली तरी फॉन्टचं नाव कळलं तर अर्धी लढाई जिंकली.

३. फॉन्टची यादी बघा

रीडरमध्ये पीडीएफ उघडून कंट्रोल-डी दाबा आणि 'फॉन्ट्स' टॅबवर जा. तिथली प्रत्येक ओळ वाचायला शिका, पुढचे दोन तास वाचतात.

नावापुढे 'एम्बेडेड सबसेट' लिहिलं असेल तर वर सांगितलेला अर्धवट फॉन्ट सोबत आहे. कधी कधी फॉन्टच्या नावाआधी सहा इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि अधिकचं चिन्ह दिसतं. ती अक्षरं म्हणजे सबसेटची खूण, फॉन्टचं नाव नव्हे. त्या सहा अक्षरांसकट इंटरनेटवर फॉन्ट शोधत बसलेले लोक आहेत. अधिकच्या पुढचं नाव तेवढं खरं.

नावापुढे काहीच लिहिलं नसेल तर फॉन्ट फाईलसोबत आलेलाच नाही. तुम्हाला रीडरमध्ये दिसतंय ते तुमच्याच संगणकातल्या कुठल्यातरी फॉन्टमधून, आणि पार्टीला तिच्या मोबाईलवर वेगळंच दिसत असेल. अशा फाईलवर काम सुरू करण्याआधी पार्टीकडून छापील नमुना मागा. पडद्यावरचं खरं मानू नका.

'टाइप ३' असं दिसलं तर मजकूर म्हणून उघडायचा नादच सोडा. त्यात अक्षरं म्हणजे निव्वळ चित्रकामाच्या सूचना असतात. ब्राउझरमधून थेट पीडीएफ काढली की कधी कधी असे फॉन्ट येतात. 'टाइप १' दिसलं तर फाईल जुनी असू शकते. ॲडोबीने जानेवारी २०२३ पासून आपल्या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या जातीच्या फॉन्टने मजकूर लिहिण्याची सोय बंद केली, तेव्हा नव्या इलस्ट्रेटरमध्ये तो फॉन्ट संगणकावर असूनही 'नाही' म्हणून दाखवला जातो.

टॅब पूर्णपणे रिकामा असेल तर मजकूर आधीच कर्व्ह केलेला आहे, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या रेषाकृती केल्या आहेत, किंवा सगळं पानच चित्र आहे. दोन्हींतला फरक ओळखायला पान भरपूर मोठं करा. अक्षराची कड धारदार राहिली तर कर्व्ह, पायऱ्या-पायऱ्या दिसू लागल्या किंवा कड धूसर झाली तर चित्र. चित्र असेल तर फॉन्टचा प्रश्नच उरत नाही, सगळं नव्याने लावायचं. पार्टीला दर तसा सांगा.

४. नोटपॅडमध्ये चिकटवून बघा

रीडरमध्ये एक मराठी ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये टाका. ओळ निवडताना जोडाक्षरांची आणि वेलांट्यांची निवडा. हळदीच्या पाकिटावर 'शुद्ध', 'निर्मिती', 'विक्री' हे शब्द असतातच.

ओळ जशीच्या तशी आली तर फाईल युनिकोडमधली, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा ठरलेला नंबर असलेल्या आजच्या पद्धतीतली आहे आणि आकृतीवरून अक्षर ओळखायचा तक्ता सोबत आहे. असं क्वचित घडतं.

मराठी आली पण 'विक्री'ची वेलांटी घरंगळली, 'निर्मिती'चा रफार सरकला, तर फाईल युनिकोडमधलीच आहे, पण मजकूर म्हणून उघडली की हाच गोंधळ कोरलमध्ये दिसणार. हा सगळ्यात नेहमीचा प्रकार.

इंग्रजी अक्षरं, डोक्यावर टिंबं असलेले फ्रेंच वाटणारे स्वर, डॉलर, टक्क्याची चिन्हं अशी खिचडी आली तर फॉन्ट जुन्या पद्धतीचा आहे: श्रीलिपी, कृतिदेव, आयएसएमचे फॉन्ट वगैरे. यांत मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असतात. ऐकायला विचित्र वाटेल, पण अशी फाईल सुधारायला युनिकोडपेक्षा सोपी जाऊ शकते. तोच फॉन्ट तुमच्या संगणकावर असेल तर प्रत्येक तुकड्याला स्वतःची जागा असल्यामुळे मजकूर पुष्कळदा नीट उघडतो, जोडाक्षराचे नियम लागतच नाहीत. आपल्याकडच्या जुन्या प्रेसनी श्रीलिपी सोडली नाही याचं हेही एक कारण आहे, आणि युनिकोडची बाजू घेऊन त्यांच्याशी भांडायला जाऊ नका.

चौकोन किंवा काहीच आलं नाही, तर अक्षर ओळखायचा तक्ताच फाईलमध्ये नाही. कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये तो मजकूर मजकूर म्हणून परत येणार नाही. थेट कर्व्हच्या वाटेने जा.

५. फॉन्ट मिळवा, पण पीडीएफमधून उपसू नका

नाव कळलं की फॉन्ट शोधा. मुक्त, बालू, हिंद, खंड, तेको, कलम, नोटो सान्स देवनागरी, तिरो देवनागरी मराठी असे बरेच फॉन्ट मुक्त परवान्यावर फुकट मिळतात, गूगल फॉन्ट्सवर आहेत. श्रीलिपीसारखे विकतचे असतील तर प्रेसकडे परवाना आहे का ते मालकांना विचारा.

पीडीएफमधून फॉन्ट बाहेर काढून देणारी साधनं इंटरनेटवर सापडतात. परवान्याचा मुद्दा आहेच. तो बाजूला ठेवला तरी हाती लागतो तो अर्धवट सबसेट, नियम नसलेला. त्यात 'क्ष' टाईप केला तर क, हलंत आणि ष वेगवेगळे उभे राहतात, किंवा 'ष' मूळ मजकुरातच नसल्याने चौकोन येतो. त्यातून वाईट म्हणजे त्याच नावाचा अर्धवट फॉन्ट संगणकात बसला की पुढची चांगली कामंही बिघडतात आणि कारण कुणाला सापडत नाही.

विंडोजवर फॉन्ट टाकताना उजव्या बटणाने 'इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स' निवडा. नुसतं 'इन्स्टॉल' केलं तर तो फक्त तुमच्या लॉगिनपुरता बसतो, आणि जुन्या आवृत्त्यांच्या बऱ्याच सॉफ्टवेअरना असे फॉन्ट दिसत नाहीत. मग सॉफ्टवेअर बंद करून पुन्हा सुरू करा.

फॉन्ट मिळाला नाही तर सॉफ्टवेअर स्वतःहून दुसरा सुचवतं. मराठीला तो बहुतेक मंगल किंवा निर्मला असतो. 'ओके' दाबू नका. मंगलमध्ये ल आणि श हिंदी वळणाचे आहेत. २००९ च्या शासन निर्णयात मराठी वर्णमाला ठरली तेव्हा ल आणि श यांची मराठी वळणं त्यात मुद्दाम दिली होती. 'सांगली'तला ल बदललेला पार्टीच्या लगेच लक्षात येत नाही. पाकिटं छापून आल्यावर तिच्या सासऱ्यांच्या येतो.

६. उघडायचं कसं

नियम एकच: जुना मजकूर आकृती म्हणून उघडा, मजकूर म्हणून नव्हे. जे बदलायचं तेवढंच नव्याने टाईप करा. चौथ्या पायरीत ओळ जशीच्या तशी आली आणि फॉन्टही तुमच्याकडे आहे, तेवढाच अपवाद. जुन्या पद्धतीचा फॉन्ट हाताशी असेल तर एकदा मजकूर म्हणून उघडून बघायला हरकत नाही.

कोरलमध्ये पीडीएफ आयात करताना मजकूर 'टेक्स्ट' म्हणून आणायचा की 'कर्व्हज' म्हणून ते विचारणारी खिडकी येते. 'कर्व्हज' निवडा. कोरल फाईलसोबतच्या फॉन्टवरून आकृत्या काढून देतो आणि पान रीडरसारखं दिसतं. नवीन मराठी ओळ युनिकोडमध्ये टाईप करायची असेल तर कोरल निदान एक्स ६ हवं. त्याआधीच्या आवृत्त्यांना युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं झेपत नाहीत. जुन्या आवृत्तीवर बसला असाल तर ती एक ओळ इंकस्केपमध्ये टाईप करा, तिथेच कर्व्ह करा आणि पीडीएफ करून कोरलमध्ये आणा.

इलस्ट्रेटरमध्ये फाईल 'ओपन' केली की तो फॉन्ट नाही म्हणून तक्रार करतो, आणि तक्रार असताना 'क्रिएट आउटलाइन्स' दाबलं तर बदली फॉन्टच्याच आउटलाइन, म्हणजे कर्व्ह, होतात. त्याऐवजी कोरं पान उघडा, पीडीएफ 'प्लेस' करा, 'लिंक'वर टिचकी असू द्या. मग ऑब्जेक्ट मेनूतून 'फ्लॅटन ट्रान्स्परन्सी' आणि त्यात 'कन्व्हर्ट ऑल टेक्स्ट टू आउटलाइन्स'. सोबतचा फॉन्ट वापरून आउटलाइन मिळतात. नवीन ओळ टाईप करण्याआधी प्रेफरन्सेसमध्ये 'टाइप'खाली भारतीय भाषांचे पर्याय चालू करा आणि परिच्छेदाच्या पॅनेलमधून दक्षिण आशियाई कंपोजर निवडा. हे राहिलं तर फॉन्ट पूर्ण असूनही जोडाक्षरं सुटी पडतात, आणि लोक फॉन्टला शिव्या देतात.

आणखी एक गोष्ट गोंधळात पाडते. इलस्ट्रेटरमधूनच काढलेल्या काही पीडीएफच्या पोटात इलस्ट्रेटरची स्वतःची फाईल दडलेली असते. रीडर वरचं पान दाखवतो, इलस्ट्रेटर आतली फाईल उघडतो. रीडरमध्ये सगळं ठीक आणि इलस्ट्रेटरमध्ये फॉन्ट गायब, असं झालं तर बहुधा हेच. उपाय वरचाच, 'प्लेस'.

इंकस्केपमध्ये आयात करताना दोन मार्ग असतात. पॉपलर-कैरोचा मार्ग निवडला की मजकूर आकृत्या होऊन येतो आणि दिसायला बिनचूक असतो. दुसऱ्या, आतल्या मार्गाने मजकूर म्हणून येतो. १.३ आवृत्तीपासून आयातीच्या खिडकीत फाईलमधल्या फॉन्टची यादी आणि त्यातले तुमच्याकडे कोणते नाहीत तेही दिसतं. मजकूर म्हणून आणलाच आणि मात्रा अक्षरांपासून विलग दिसल्या, तर मजकूर निवडून टेक्स्ट मेनूतलं 'रिमूव्ह मॅन्युअल कर्न्स' चालवून बघा. पीडीएफमधून येताना प्रत्येक आकृतीला स्वतंत्र जागा चिकटलेली असते, त्यामुळे जोडाक्षर जुळत नाही. ती जागा काढली की पुष्कळदा शब्द सावरतो.

पानं खूप असतील, समजा गावच्या यात्रेची पन्नास पानी स्मरणिका, तर एकेक पान उघडत बसण्यात अर्थ नाही. घोस्टस्क्रिप्ट नावाचं फुकट साधन आहे. त्याच्या पीडीएफ लिहिण्याच्या यंत्रणेत 'नो आउटपुट फॉन्ट्स' हा पर्याय दिला की सगळ्या फाईलचा मजकूर एका दमात आकृत्यांत बदलतो. कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत आज्ञा टाईप करावी लागते. प्रेसमधल्या एकाला तरी ती येत असावी.

७. बदल करताना

आता वजन. नव्या माणसाचा पहिला विचार असतो, जवळचा दिसणारा फॉन्ट घेऊन '५' टाईप करू. थांबा. बदलायचा आहे फक्त पहिला आकडा, आणि '५' त्याच पाकिटावर दुसरीकडे असण्याची शक्यता दाट आहे: किमतीत, फोन नंबरात, पिनकोडमध्ये. सगळं कर्व्ह झालेलं आहे, तेव्हा तिथला ५ उचला, डुप्लिकेट करा, उंची जुळवा आणि २ च्या जागी ठेवा. फॉन्ट त्याच घराण्यातला आणि त्याच जाडीचा आहे ना ते बघा. जाडी वेगळी असली तर मोठा केल्यावर त्याची रेघ शेजारच्या शून्यांशी जुळत नाही. मग थोडं कमी-जास्त करण्याऐवजी तिन्ही आकडे एकाच फॉन्टमध्ये नव्याने लावलेले बरे.

हीच युक्ती लग्नपत्रिकेत तारखेला आणि वेळेला चालते. 'सायं. ५ वा. ३५ मि.'चं 'सायं. ६ वा. १२ मि.' करायला लागणारे आकडे त्याच पानावर कुठेतरी असतातच.

कर्व्ह केलेली ओळ कोरलमध्ये कधी कधी एकच आकृती म्हणून येते. तोडायला कंट्रोल-के दाबलं की 'व', 'ब', '०' यांच्या आतल्या पोकळ्या भरून काळे गोळे होतात. बाहेरची आणि आतली आकृती दोन्ही निवडून कंट्रोल-एल दाबलं की पोकळी परत येते. हे माहीत नसल्यामुळे लोक सगळी ओळ पुन्हा टाईप करत बसतात.

शब्द बदलायचा असेल आणि मूळ फॉन्ट हाती नसेल, तर एकटा शब्द बदलू नका. ती सगळी ओळ, शक्य असेल तर तो चौकटीतला सगळा मजकूर एकाच नव्या फॉन्टमध्ये लावा. ओळीत एकच शब्द वेगळा असला की तो ठिगळासारखा उठून दिसतो. अख्खी चौकट वेगळी असली तर डिझाइन वाटतं. पार्टीला मात्र आधी सांगा आणि होकार लिहून घ्या.

जुना मजकूर पांढरी पट्टी टाकून झाकू नका, काढून टाका. हळदीच्या पाकिटाचा पिवळा बहुधा सपाट नसतो, कडेला गडद होत गेलेला असतो, आणि पट्टी छापल्यावर दिसतेच. पट्टीखाली जुनं वजन तसंच राहिलं, फाईल दुसऱ्या प्रेसला गेली आणि तिथे थर हलला, तर एका पाकिटावर दोन वजनं.

युनिकोडमध्ये टाईप केलेल्या मराठीला वरून श्रीलिपीचा जुना फॉन्ट लावू नका. चौकोन येतील किंवा सॉफ्टवेअर गुपचूप दुसराच फॉन्ट दाखवेल. उलटही तेच. एका पद्धतीतून दुसरीत जायला कन्व्हर्टर असतात, पण त्यांतून आलेली प्रत्येक ओळ वाचावी लागते.

खाद्यपदार्थांच्या पाकिटावरच्या चौदा आकडी अन्नपरवाना क्रमांकाला हात लावू नका. तो इंग्रजी आकड्यांत असतो. मराठी फॉन्ट लावताना जुन्या पद्धतीच्या काही फॉन्टमध्ये इंग्रजी आकड्यांचे आपोआप मराठी होतात, ते तपासा.

८. ताळा

पडद्यावर वाचू नका, प्रिंट काढून पहिल्या पायरीतल्या प्रिंटशेजारी ठेवून वाचा. निव्वळ बदललेली ओळ वाचून भागत नाही. न बदललेल्या ओळींत काही हललंय का तेच बघायचं असतं.

नजर इथे ठेवा: क्ष, ज्ञ, श्र, त्र, द्ध, द्य, ट्ट, ह्म. रु आणि रू. अनुस्वार आणि दीर्घ वेलांटी एकत्र आलेली अक्षरं, जसं 'यांचीं'सारखी जुनी रूपं पत्रिकेत येतात. 'ॲ' आणि 'ऑ'वरचा चंद्र. आणि सगळ्यात आधी 'ऱ्य'. पीडीएफमधून कॉपी करताना तो साध्या रफारात बदलू शकतो. कासच्या पठाराच्या पत्रकात 'सह्याद्रीच्या दऱ्या' होत्या, कॉपी-पेस्टनंतर 'दर्या' झाल्या आणि साताऱ्याला समुद्र आला, असलं काही व्हायला नको असेल तर हा एक शब्द-गट हाताने टाईप करा. स्पेलिंग तपासणारं सॉफ्टवेअर ही चूक पकडेल यावर विसंबू नका, कारण दर्या हाही शब्दच आहे.

शक्य असेल तर ज्याने फाईल उघडलेलीच नाही अशा माणसाकडून वाचून घ्या. मालक किंवा बायंडिंगचे काका चालतात.

९. पाठवताना

तुमच्या नवीन ओळीही आता कर्व्ह करा: कोरलमध्ये कंट्रोल-क्यू, इलस्ट्रेटरमध्ये शिफ्ट-कंट्रोल-ओ, इंकस्केपमध्ये शिफ्ट-कंट्रोल-सी. त्याआधी मजकूर कर्व्ह न केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा. 'फायनल', 'फायनल फायनल' अशी नावं नकोत. तारीख आणि 'मजकूर' किंवा 'कर्व्ह' असं लिहा. पुढच्या हंगामात हीच पार्टी एक किलोचं पाकीट घेऊन येणार आहे, आणि तेव्हा मूळ फाईल नसलेला डिझायनर तुम्ही असू नये.

काळ्या रंगाकडे लक्ष द्या. इंकस्केप पडद्याच्या रंगांत, म्हणजे आरजीबीत काम करतं. तिथून गेलेला काळा ऑफसेटला चार रंगांचा होतो, आणि बारीक अक्षरांभोवती रंगीत सावली येते. शेवटची फाईल कोरलमध्ये किंवा इलस्ट्रेटरमध्ये आणून सगळा काळा मजकूर शंभर टक्के निव्वळ काळ्यावर करा. फ्लेक्सला याने फरक पडत नाही, पाकिटाला पडतो.

काढलेली पीडीएफ पुन्हा रीडरमध्ये उघडा, कंट्रोल-डी दाबा. फॉन्टचा टॅब रिकामा दिसला की छपाईची प्लेट करायला पाठवा. त्यात एकही नाव शिल्लक असेल तर ती ओळ शोधा; बहुतेक वेळा पानाबाहेर पडलेला एखादा रिकामा टेक्स्टबॉक्स निघतो. प्लेटवाल्याला फाईल व्हॉट्सॲपवर पाठवत असाल तर तीही डॉक्युमेंट म्हणूनच.